घराच्या आणि आंब्याच्या सावलीत विरळ झालेले लॉन पुन्हा कसे उभे करावे?

अंगण_पुणे | २० मे

सर्वांना नमस्कार.

पुण्याच्या पश्चिम भागात आमचा तळमजला आणि वर एक मजला असा बंगला आहे. कठड्यासह त्याची उंची सुमारे २२ फूट भरते. घराच्या उत्तरेस ४० फूट लांब आणि २४ फूट रुंद असे अंगण आहे आणि तेथे माझ्या सासऱ्यांनी २००४ साली ‘सिलेक्शन वन’ गवताचे ठोंब टोचून लॉन केले होते. त्याच वर्षी त्यांनी वायव्य कोपऱ्यात केशर आंब्याचे कलम लावले. ते झाड आता चांगले डेरेदार झाले असून बुंध्यापासून सर्व बाजूंना बारा-तेरा फुटांपर्यंत त्याची सावली पडते. सासऱ्यांचे वय आता ८४ आहे, आणि पहाटे अनवाणी या गवतावर पंधरा मिनिटे चालणे हा त्यांचा नेम गेल्या वर्षापर्यंत कधी चुकला नव्हता.

गवत तीन-चार वर्षांपासून विरळ होत चालले होतेच. त्यात मागील वर्षी गच्चीच्या जलरोधक कामासाठी आणि रंगकामासाठी अंगणात परांची उभी होती, वाळू आणि विटा पडल्या होत्या, आणि हे सर्व जवळपास तीन महिने चालले. काम संपल्यावर आम्ही नर्सरीतून लॉनच्या गाद्या आणून अंथरल्या. पावसाळ्यात त्या हिरव्यागार दिसल्या. दिवाळीनंतर घराच्या भिंतीलगतचा सुमारे १५ फुटांचा पट्टा पिवळा पडत गेला आणि संक्रांतीपर्यंत तेथे नुसती माती उरली. आंब्याखाली तर गादी दोन महिनेही टिकली नाही. पूर्वेकडील १० फुटांचा भाग घराच्या रांगेबाहेर असल्याने तेथे मोकळे ऊन मिळते. पण तेथेही ऑक्टोबरमध्ये दोन ठिकाणी गवत चटईसारखे हाताने उचलून आले.

आमचे माळीदादा दर महिन्याला युरिया टाकतात आणि रोज संध्याकाळी पाणी देतात. आता त्यांचे म्हणणे असे आहे, की तणनाशक फवारून जे उरले आहे तेही मारावे आणि पुन्हा नव्या गाद्या घालाव्यात. मी गेल्या आठवड्यात दोन दिवस अंगणात बसून उन्हाची नोंद केली. भिंतीलगतच्या पट्ट्यात मला पाच ते सहा तास थेट ऊन आढळले, त्यामुळे सावली हे कारण असेल असे मला वाटत नाही. घरात एकाने आंबा तोडण्याचाही विषय काढला, परंतु ते मला मान्य नाही आणि सासऱ्यांना तर ते ऐकवणारही नाही. पावसाळा तोंडावर आहे. नेमके काय करावे, याचे मार्गदर्शन कृपया करावे.

माती_आणि_मूळ | २१ मे

ताई, नमस्कार. मी कृषी पदवीधर असून गेली वीस वर्षे घरगुती बागांची कामे करतो. आपण दिशा, मापे आणि महिने इतक्या नीट लिहिले आहेत, की बरेचसे निदान त्यातूनच होते.

सर्वप्रथम उन्हाच्या मोजणीबद्दल. आपण पाहिलेले ऊन खरे आहे, परंतु ते मे महिन्याचे आहे. पुण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावली दिवस येतो आणि त्या दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच राहते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, म्हणून घराच्या उत्तरेकडील भिंतीच्या पायथ्याशीही कडक ऊन पडते. जुलै संपला की भर दुपारचा सूर्य डोक्यावरून दक्षिणेकडे झुकू लागतो. सप्टेंबरच्या अखेरीस आपल्या २२ फुटी घराची दुपारची सावली अंगणात सुमारे साडेसात फूट येते, नोव्हेंबरच्या मध्यावर ती सोळा फुटांपर्यंत पोहोचते, आणि २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून ४८ अंशांपर्यंतच चढत असल्याने ती सुमारे २० फूट लांब होते. त्या दिवसांत सूर्य उगवतो आग्नेयेला आणि मावळतो नैर्ऋत्येला, त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळीही हा पट्टा सावलीतून सुटत नाही. दिवाळीनंतर पिवळा पडणारा आपला १५ फुटांचा पट्टा आणि ही सावली यांची मापे किती जुळतात, ते पाहावे.

‘सिलेक्शन वन’ ही हरळीच्याच कुळातील जात आहे, आणि हरळीला दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन लागते. उन्हाशिवाय तिला अन्न तयार करता येत नाही, मग ती मुळांत आणि धावत्या खोडांत साठवलेले अन्न वापरते. अशा वेळी आपण युरिया दिला, तर ४६ टक्के नत्राच्या त्या खताने पाने जोराने फुटतात, परंतु त्या फुटव्यासाठी लागणारा साठा मुळांतूनच ओढला जातो. आठ दिवस हिरवे दिसते आणि महिन्याभरात ठोंब पोकळ होतो. संध्याकाळच्या पाण्याने पाती रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला आमंत्रण मिळते. माळीदादांनी हे सर्व काळजीपोटीच केले आहे, यात मला शंका नाही. परंतु सावलीतले गवत कमी खत, कमी पाणी आणि उंच कापणी मागते. उन्हातल्या गवताचे नियम त्याला लावले, की ते लवकर संपते.

आंब्याखालची गोष्ट वेगळी आहे. तेथे प्रकाश कमी आहेच, शिवाय पानांतून गाळून येणाऱ्या प्रकाशातला गवताच्या कामाचा तांबडा आणि निळा भाग झाडाने आधीच घेतलेला असतो. त्याहून मोठी अडचण मुळांची. आंब्याची अन्न शोषणारी बारीक मुळे वरच्या थरात दाट पसरलेली असतात, आणि दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या गादीतले गवत त्यांच्याशी पाण्यासाठी झगडू शकत नाही. माझे स्पष्ट मत असे, की घनदाट आंब्याच्या बुंध्यापासून निदान आठ-दहा फुटांपर्यंत गवताचा आग्रह सोडून द्यावा. झाड तोडण्याचा विचार तर मनातही आणू नये. वीस वर्षांच्या झाडाने दिलेली सावली आपल्याला पुन्हा विकत आणता येत नाही. गवत मात्र जागा बदलून लावता येते.

फांद्यांबाबत एवढे करता येईल. आंबे उतरल्यावर, जूनच्या अखेरीस किंवा जुलैत, सर्वांत खालच्या, जमिनीकडे झुकलेल्या दोन-तीन फांद्या आणि आतल्या गर्दीतल्या वाळक्या काड्या काढल्यास सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन बरेच आत येते. महाराष्ट्रात १९७५ च्या नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षण आणि जतन कायद्यामुळे आपल्या आवारातल्या झाडालाही मनास येईल तसे तोडता येत नाही, म्हणून महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे आधी अर्ज करावा. शेंडा मुळीच छाटू नये. त्याने खाली ऊन येत नाही, उलट पुढच्या वर्षी डेरा अधिक दाट होतो.

तणनाशकाचा बेत कृपया रद्द करावा. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्र सरकारने २०२२ साली परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे. तो मुद्दा बाजूला ठेवला तरी आपल्या अंगणात मारण्याजोगे फारसे काही उरलेलेच नाही, आणि ज्या कारणांनी मागची गादी गेली तीच कारणे नव्या गादीलाही नेतील.

पुढचे सांगण्यापूर्वी आपल्याकडून तीन गोष्टी कळायला हव्यात. पहिली, तिन्ही भागांत एक-एक लांब स्क्रू ड्रायव्हर ओल्या मातीत हाताने दाबून तो किती आत जातो ते पाहावे. दुसरी, भिंतीजवळ एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरावा, ते मुरू द्यावे, पुन्हा भरावा आणि तासाभरात पाणी किती उतरते ते मोजावे. तिसरी, खड्डा करताना मातीच्या बाजूकडे नीट पाहावे, म्हणजे लाल माती, काळी माती आणि राडारोडा यांचे थर कसे आहेत ते दिसेल.

रत्नागिरीकर | २१ मे

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त आंब्याखाली गवत येतच नाही या विधानाला थोडी पुस्ती जोडतो. आमच्याकडे कोकणात जुन्या आगरांमध्ये माड आणि सुपारीखाली एक रुंद पानांचे, जमिनीलगत पसरणारे गवत आपोआप वाढते. त्याचे शास्त्रीय नाव ॲक्सोनोपस कॉम्प्रेसस असे आहे. त्याला सावली चालते, पायाखाली ते मऊ लागते आणि फार उंच होत नाही. मात्र नर्सरीत नावांचा मोठा गोंधळ आहे. याच गवताला काही ठिकाणी ‘बफेलो’ म्हणतात, काही ठिकाणी ‘कार्पेट’, आणि ‘कार्पेट’ म्हणून बारीक सुईसारख्या पानांचे कोरियन गवतही विकले जाते. म्हणून नावावर न जाता पान पाहावे. ॲक्सोनोपसचे पान फिकट हिरवे, सुमारे बोटाएवढे रुंद आणि टोकाला बोथट असते. त्याच्या तुऱ्याला दोन-तीन बारीक फाटे फुटतात.

एक सावधगिरी मात्र हवी. आमच्याकडे हवेत ओलावा असतो आणि माडाची सावली विरळ, हलती असते. पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत या गवताला पाण्याचा ताण सहन होत नाही, आणि केशरच्या दाट डेऱ्याखाली त्याचाही निभाव लागेल असे मला वाटत नाही. भिंतीच्या सावलीत, जिथे वर उघडे आकाश आहे, तिथे ते निश्चित लावून पाहावे.

अंगण_पुणे | २४ मे

दोघांचेही मनापासून आभार. शून्य सावलीचा मुद्दा वाचून मी थक्क झाले, कारण पिवळेपणाचे खापर आम्ही इतकी वर्षे थंडीवर फोडत होतो.

सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. पूर्वेकडील भागात स्क्रू ड्रायव्हर पूर्ण सहा इंच आत गेला. भिंतीलगत जेथे परांची आणि वाळू होती, तेथे तो दीड इंचावर अडला, आणि जोर लावल्यावर दांडाच वाकला. खड्डा खणताना वरचा एक इंच लाल माती निघाली, तिच्याखाली तीन-चार इंच काळ्या मातीत विटांचे तुकडे, वाळू आणि सिमेंटचे खडे मिसळलेले होते, आणि त्याखाली घट्ट काळी माती. दुसऱ्यांदा भरलेले पाणी तासाभरात जेमतेम एक सेंटिमीटर उतरले. एक गोष्ट विशेष लक्षात आली: मेलेल्या गवताची सर्व मुळे त्या एक इंच लाल मातीतच होती, खालच्या काळ्या मातीत एकही उतरलेले नव्हते. आंब्याखाली तर बोटभर खणताच मुळांची जाळी लागली, म्हणून तेथे मी हात आवरला.

पूर्वेकडे जेथे गवत चटईसारखे उचलून आले होते, तेथे तेव्हा माळीदादांना मातीत पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या, तपकिरी डोक्याच्या जाड अळ्या सापडल्या होत्या, असे त्यांनी आता सांगितले.

माती_आणि_मूळ | २६ मे

ताई, ती हुमणी आहे. ऊस आणि भुईमुगाच्या शेतकऱ्यांना ती चांगली परिचित आहे, घरच्या लॉनमध्ये मात्र तिचा संशय कोणाला येत नाही. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला, की संध्याकाळी अंधार पडताच जमिनीतून तपकिरी भुंगेरे बाहेर येतात आणि कडुनिंब, बाभूळ अशा झाडांवर पाला खायला जमतात. जवळपास कडुनिंब असेल तर त्या पहिल्या चार-पाच रात्री खाली जुनी चादर पसरून फांद्या हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकावेत. एका मादीला आवरले, तरी जुलैतल्या कित्येक अळ्या टळतात. नंतर जून-जुलैत, माती ओलसर असताना, मेटारायझियम ही मित्रबुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पूर्वेकडील भागात पसरावी. अर्धवट कुजलेले शेणखत कधीही वापरू नये, कारण हुमणीची अंडी आणि अळ्या पुष्कळदा त्यातूनच अंगणात येतात.

आता मातीचे. आपण पाहिलेला लाल मातीचा थर हा गादीसोबत आलेला आहे. मऊ लाल माती आणि खालची दाबलेली काळी माती यांच्यातला फरक इतका तीव्र आहे, की पाणी त्या सांध्यावर थांबते, मुळे तेथून परततात, आणि गवत जणू एक इंच खोलीच्या परातीत वाढत राहते. पावसाळ्यात ते कुजते आणि दोन दिवस पाणी चुकले, की वाळते. म्हणून गादी घालण्याआधी खालची जमीन फोडणे हेच मुख्य काम आहे. माझ्या अनुभवात बिघडलेल्या लॉनपैकी निम्म्यांहून अधिक ठिकाणी हेच काम टाळलेले असते, कारण ते कष्टाचे आहे आणि झाल्यावर दिसत नाही.

भिंतीलगतच्या पट्ट्यातला राडारोडा वेचून काढावा आणि आठ इंच खोल खणून घ्यावे. सिमेंटच्या कणांमुळे मातीचा सामू (आम्ल-विम्लतेचे माप, पीएच) वाढला असण्याची शक्यता आहे, तेव्हा शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात एक नमुना द्यावा. खणलेल्या मातीत शेणखत किंवा गांडूळखत भरपूर, साधारण दोन इंच थर होईल एवढे, मिसळावे. काळी माती भुसभुशीत करण्यासाठी थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. तो मानू नये. चिकण मातीत थोडी वाळू गेली, तर ती अधिकच घट्ट बसते. सुटी करते ती सेंद्रिय भर.

अंगणाची विभागणी मी अशी करीन. पूर्वेकडील १० फूट गुणिले २४ फूट जागेत सध्याचे ‘सिलेक्शन वन’ राहू द्यावे, उचलून आलेल्या जागी तेथलेच ठोंब चार-पाच इंचांवर टोचावेत, आणि आजोबांच्या चालण्याची जागा तीच ठरवावी. २४ फुटांची सरळ फेरी पुरेशी होते. घराच्या भिंतीला लागून पाच फुटांत गवत लावूच नये. तेथे उन्हाळ्यात डोक्यावरचे ऊन आणि हिवाळ्यात पूर्ण सावली असते. असे दोन्ही टोकांचे हवामान रिओ आणि मोंडो ग्रास ही शोभेची रोपे सहन करतात, आणि मध्ये शहाबादी फरशीच्या पायवाटा टाकता येतील. त्यापुढच्या मधल्या भागात रत्नागिरीकरांनी सुचवलेले रुंद पानांचे गवत लावावे. गादी न घेता ठोंब घ्यावेत, म्हणजे परक्या मातीचा थर येणार नाही आणि मुळे पहिल्या दिवसापासून आपल्याच मातीत उतरतील. पाऊस स्थिरावल्यावर, म्हणजे जूनच्या उत्तरार्धात लावणी करावी आणि सहा ते आठ आठवडे त्यावर कोणाचाही पाय पडू देऊ नये.

आंब्याखाली खणू नये आणि मातीची भरही घालू नये. मुळांवर चार इंच माती चढवली, की त्यांची हवा तुटते आणि चांगले झाड दोन-तीन वर्षांत खंगते. असे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. त्याचाच पालापाचोळा दोन-तीन इंच जाडीने पसरावा, बुंध्याभोवती एक हात जागा मोकळी ठेवावी, आणि डेऱ्याच्या कडेकडेने, मुळे चुकवून, नेचे, स्पायडर प्लांट किंवा सिंगोनियम यांची छोटी रोपे लावावीत.

मधल्या भागातले गवत अडीच इंचांच्या खाली कापू नये आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक काढू नये, कारण सावलीत प्रत्येक पान मोलाचे असते. युरिया द्यायचाच असेल तर १०० चौरस फुटांना ५० ग्रॅम, तोही फक्त जुलैत एकदा आणि मार्चमध्ये एकदा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मुळीच नाही. पाणी पहाटे द्यावे, सहा इंच खोल मुरेल एवढे, आणि वरची माती कोरडी झाल्याशिवाय पुन्हा देऊ नये. पावसाळ्यानंतर माती बसली, तर गार्डन फोर्कने चार-चार इंचांवर भोके पाडून वर चाळलेल्या गांडूळखताचा पाच मिलिमीटर थर द्यावा. १०० चौरस फुटांना त्यासाठी १५ लिटरच्या तीन बादल्या पुरतात.

ह्यूस्टनवासी | ३० मे

हा धागा मी फार आवडीने वाचत आहे. मी टेक्सासमध्ये ह्यूस्टन येथे राहते. येथील उन्हाळा उष्ण आणि दमट असतो आणि घरोघरी सेंट ऑगस्टीन गवत दिसते. उष्ण हवामानातल्या लॉनच्या गवतांमध्ये ते सावली बरीच सहन करणारे मानले जाते. माझ्या मागच्या अंगणात दोन मोठे ओक आहेत. ज्या जागी दिवसात चार तासांच्या आसपास ऊन मिळते, तेथे हे गवत तीन-साडेतीन इंच उंच राखल्यास दाट राहते. त्याहून कमी उन्हाच्या जागी मी तीन वेळा गाद्या घातल्या आणि तिन्ही वेळा त्या विरळ होऊन गेल्या. शेवटी झाडांभोवती लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन केले, आणि त्यानंतर ओकही अधिक टवटवीत झाले, हे येथे आवर्जून नोंदवते.

एक अनुभव ताईंच्या उपयोगी पडेल. सावलीतल्या गवतावर रहदारी चालत नाही, कारण तुटलेले पाते भरून काढण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. मुलांचा चेंडू आणि खुर्च्या उन्हातल्या भागाकडे वळवल्या, तेव्हाच माझा सावलीतला भाग सावरला.

अंगण_पुणे | १२ जानेवारी

सर्वांना नमस्कार. सहा-सात महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण हिवाळ्याची कसोटी पार पडल्याशिवाय काही लिहिणे मला योग्य वाटले नाही.

जूनमध्ये माळीदादा आणि मी मिळून पट्टा खणला. चौदा घमेली राडारोडा निघाला, आणि तो पाहिल्यावर माळीदादांनी स्वतःच गादीचा विषय सोडून दिला. पहिल्या वळवाच्या रात्री शेजारच्या कडुनिंबाखाली चादर पसरली. तीन रात्रींत जवळपास अर्धी बादली भुंगेरे जमले, तेव्हा आमच्यासोबत शेजारची मंडळीही कामाला लागली. मृद चाचणीत सामू ८.३ आला, म्हणून गांडूळखत सांगितल्यापेक्षा थोडे अधिक घातले. आंब्याच्या दोन खालच्या फांद्या परवानगी आल्यावर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात काढल्या.

रुंद पानांच्या गवताचे ठोंब सप्टेंबरपर्यंत एकमेकांना मिळाले. त्यानंतर मी दर महिन्याच्या २१ तारखेला दुपारी साडेबारा वाजता घराच्या सावलीच्या कडेला खुंटी ठोकत गेले. डिसेंबरची खुंटी भिंतीपासून १९ फूट ९ इंचांवर आहे. गवताची वाढ नोव्हेंबरपासून जवळजवळ थांबली, रंग थोडा फिका झाला, पण माती कोठेही उघडी पडलेली नाही. फक्त भिंतीपासून पाच ते आठ फुटांमधली पट्टी विरळ आहे. तेथे पावसाळ्यात गवताचा हट्ट न धरता रिओची आणखी एक रांग लावण्याचा विचार आहे. पूर्वेकडे या ऑक्टोबरमध्ये एक फूट लांब-रुंद तुकडा उकरून पाहिला, तर एकच अळी सापडली.

सासरे सकाळी पूर्वेकडील भागात चालतात. पहाटे दव फार असते म्हणून वेळ साडेसातची केली आहे. चालून झाले, की आंब्याखालच्या फरशीवर ठेवलेल्या बाकावर बसतात. तेथील पालापाचोळा कोणी झाडू लागले, तर त्यांना ते चालत नाही.

आता एक नवी शंका आहे. आंब्याला मोहोर आला आहे, आणि त्याखालच्या सिंगोनियमच्या पानांवर गेल्या आठ दिवसांत चिकट थर बसून त्यावर काजळीसारखा काळा लेप दिसू लागला आहे. हा रोग खालच्या झाडांचा आहे की वरच्या? जवळच्या गवतावर तो पसरेल का?

रत्नागिरीकर | १२ जानेवारी

ताई, वाचून फार समाधान वाटले. काळा लेप हा खालच्या झाडांचा रोग नाही. मोहोरावर तुडतुडे आले, की ते रस शोषून गोड, चिकट द्राव खाली सोडतात आणि त्या द्रावावर ही काळी बुरशी वाढते. पानाच्या आत ती शिरत नाही. सकाळी पाण्याच्या साध्या फवाऱ्याने सिंगोनियमची पाने धुऊन घ्यावीत आणि जमिनीवर किंवा गवतावर कोणतेही बुरशीनाशक मारू नये. वर मात्र आजच लक्ष द्यावे: मोहोराचा एक दांडा पांढऱ्या कागदावर हलकेच झटकावा, आणि पाचराच्या आकाराचे करडे कीटक उड्या मारताना दिसले, तर निंबोळी अर्काची फवारणी संध्याकाळी करावी. मोहोर पूर्ण उमलून त्यावर माश्या आणि मधमाश्या येऊ लागल्यावर फवारणी टाळावी, म्हणजे फळधारणेला धक्का लागणार नाही.